जुन्या गेममालिकेची पुढची दिशा कशी ओळखावी : ‘असॅसिन्स क्रीड’ समोर ठेवून

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या भागांत गेम खेळणाऱ्या तरुणांचे जे लहानमोठे गट आहेत, त्यांच्या बोलण्यात युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड’ या, इतिहासकाळातल्या मारेकऱ्यांवरच्या गेममालिकेचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो : पुढचा भाग कसा असेल, आणि त्याच्यासाठी आतापासून पैसे बाजूला काढावेत का? प्रश्न रास्त आहे. नव्या भागाची किंमत हजारांत असते, आणि तो नीट चालेल असा संगणक किंवा कन्सोल घेणे हा आपल्याकडच्या बहुतेक घरांत कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आल्यावर, सगळ्यांशी बोलून घेतलेला निर्णय असतो. इतका विचार करून खर्च करणाऱ्याने नव्या झलकीवर आणि ऐकीव बातम्यांवर विसंबून मत बनवावे, हे मला पटत नाही.

या लेखात एक पद्धत सांगितली आहे. मालिकेने आजवर काय केले, कोणत्या स्टुडिओकडून करून घेतले, दोन भागांमध्ये किती काळ जाऊ दिला आणि कोणती गोष्ट सोडून दिली, हे ओळीने मांडले तर पुढची दिशा बऱ्याच अंशी त्यातूनच वाचता येते. ‘असॅसिन्स क्रीड’ उदाहरणासाठी घेतली आहे, कारण 2007 पासूनची तिची नोंद सलग उपलब्ध आहे, तिने स्वतःचे रूप दोन-तीन वेळा उघडपणे बदलले आहे आणि तिच्या कंपनीचे काम पुण्या-मुंबईतही चालते. हीच पद्धत इतर कोणत्याही जुन्या मालिकेला लावता येईल.

पहिले काम : नोंदवही

एक वही घ्यावी किंवा संगणकावर तक्ता करावा, आणि त्यात सहा रकाने आखावेत : वर्ष, भागाचे नाव, मुख्य स्टुडिओ, आधीच्या भागापासूनचे अंतर, नवीन काय आले आणि जुने काय गेले. शेवटचा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी आहे. नवीन काय आले ते कंपनी जाहिरातीत स्वतःच सांगते, पण काय काढून टाकले ते खेळणाऱ्यालाच शोधावे लागते.

नोंद अशी सुरू होते. पहिला भाग नोव्हेंबर 2007 मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने आणला. त्याचे मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या दुसऱ्या मालिकेत आहे, कारण त्या मालिकेचा पुढचा भाग म्हणून सुरू झालेले काम वाढत जाऊन त्याचा स्वतंत्र गेम झाला. दुसरा भाग 2009 मध्ये आला, आणि तेव्हापासून 2015 पर्यंत एकही वर्ष रिकामे गेले नाही : 2010 मध्ये ‘ब्रदरहुड’, 2011 मध्ये ‘रेव्हलेशन्स’, 2012 मध्ये तिसरा भाग, 2013 मध्ये ‘ब्लॅक फ्लॅग’, 2014 मध्ये ‘युनिटी’ व ‘रोग’ असे दोन भाग एकदम आणि 2015 मध्ये ‘सिंडिकेट’. 2016 मध्ये मुख्य मालिकेतला भाग आला नाही. त्यानंतर 2017 मध्ये ‘ओरिजिन्स’, 2018 मध्ये ‘ओडिसी’, 2020 मध्ये ‘व्हॅल्हाला’, 2023 मध्ये ‘मिराज’ आणि 20 मार्च 2025 रोजी ‘शॅडोज’.

आता अंतराचा रकाना वरून खाली वाचावा. पहिल्या भागातील सारखी सारखी होणारी कामे दुरुस्त करून मालिकेला आकार देणारा दुसरा भाग दोन वर्षांच्या अंतराने आला. जुन्या धर्तीची लढाई आणि गल्लीबोळांचे शहर मागे टाकून विस्तीर्ण इजिप्त उभा करणारा ‘ओरिजिन्स’ही दोन वर्षांच्या अंतराने आला. आकार मुद्दाम लहान करून पुन्हा एका शहरात परतणारा ‘मिराज’ तर जवळजवळ तीन वर्षांनी आला. मालिकेने मोठे वळण घेतले ते थांबल्यानंतरच घेतले. उलट, दर वर्षी भाग येत होते त्या काळात हाती असलेल्यातच भर पडत गेली आणि भार वाढत वाढत ‘युनिटी’त तो पेलवेनासा झाला. पॅरिसच्या रस्त्यावर हजारोंची गर्दी उभी करणारा तो गेम इतक्या त्रुटींसह बाजारात आला की कंपनीला जाहीर माफी मागून त्याचा विस्तारभाग, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडायचा भाग, फुकट द्यावा लागला. म्हणून पुढच्या भागाबद्दल काहीही ऐकले, तरी पहिला प्रश्न अंतराचा विचारावा.

याच तक्त्यातून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती इतकी वेळा खरी ठरली आहे की तिला मी पद्धतीचा कणा मानतो. पुढच्या भागाचे मुख्य आकर्षण आधीच्या भागात कोपऱ्यात बसलेले असते. तिसऱ्या भागात जहाज चालवण्याचे प्रसंग होते, कथेच्या कडेकडेने आलेले, आणि पुढच्याच वर्षी ‘ब्लॅक फ्लॅग’ पूर्णपणे जहाजावर उभा राहिला. ‘व्हॅल्हाला’मध्ये वस्ती उभारण्याचे काम होते, ते ‘शॅडोज’मध्ये आपल्या आवडीप्रमाणे रचता येणाऱ्या गुप्त ठिकाणाच्या रूपात आले. ‘व्हॅल्हाला’मधलाच बासिम हे दुय्यम पात्र ‘मिराज’चा नायक झाला, आणि ‘मिराज’ स्वतःच सुरुवातीला ‘व्हॅल्हाला’चा विस्तारभाग म्हणून योजलेला होता. तेव्हा सध्याचा भाग खेळताना कोपऱ्यातल्या गोष्टींची यादी करावी, म्हणजे जे काम कथेला आवश्यक नाही पण ज्यावर मेहनत दिसते, त्याची.

स्टुडिओचा हात ओळखणे

पुष्कळ खेळाडू कंपनीचे नाव जाणतात, स्टुडिओचे जाणत नाहीत. मालिका एक असली तरी ती वेगवेगळ्या शहरांतील चमू आळीपाळीने करतात, आणि प्रत्येक चमूचे वळण वेगळे असते. उदाहरणार्थ, क्वेबेक स्टुडिओचे तीन भाग शेजारी ठेवावेत. ‘सिंडिकेट’मध्ये जेकब आणि ईव्ही ही भावंडे आलटून पालटून खेळता येतात. ‘ओडिसी’मध्ये अलेक्सिओस किंवा कसांड्रा यांपैकी एकाची निवड सुरुवातीलाच करावी लागते. ‘शॅडोज’मध्ये नाओए आणि यासुके या दोन नायकांचे अंगबळ आणि चाल इतकी भिन्न आहे की एकच किल्ला दोघांसाठी दोन वेगळे किल्ले होतो. तिन्ही वेळा दोन नायक आहेत आणि दर वेळी त्या कल्पनेला अधिक खोल अर्थ दिला गेला आहे. हे पाहिल्यावर, क्वेबेकचा पुढचा भाग जाहीर झाला तर त्यात एकाहून अधिक नायक असतील अशी अपेक्षा ठेवायला सबळ आधार आहे असे म्हणता येते.

मॉन्ट्रियलच्या चमूचा हात वेगळा आहे. ‘ब्लॅक फ्लॅग’, ‘ओरिजिन्स’ आणि ‘व्हॅल्हाला’ हे तिन्ही भाग एका मुख्य नायकाभोवतीचे, प्रवासाला महत्त्व देणारे आणि आधीच्या साच्याची चौकट हलवणारे आहेत. बोर्दो स्टुडिओने आधी ‘व्हॅल्हाला’चा आयर्लंडमधील विस्तारभाग केला आणि मग ‘मिराज’ची जबाबदारी घेतली, म्हणजे आटोपशीर काम करण्याची सवय त्यांना आधीच होती. सप्टेंबर 2022 मध्ये कंपनीने एकदम अनेक भाग जाहीर केले, त्यांतील ‘हेक्से’ हे सांकेतिक नाव असलेला भाग मॉन्ट्रियलकडे आहे, तर ‘जेड’ हा प्राचीन चीनमध्ये घडणारा भाग मोबाइलसाठी आहे. सांकेतिक नावावरून कथा ओळखण्याचा खटाटोप करण्यापेक्षा स्टुडिओच्या रकान्यात ‘मॉन्ट्रियल’ लिहून त्यांच्या वर सांगितलेल्या तीन भागांकडे पाहावे.

घोषणेवर किती विसंबावे, याचे एक उदाहरण आपल्या राज्यातच आहे. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ 2008 पासून त्या कंपनीकडे आहे आणि मुंबईचा 2018 मध्ये सुरू झाला. सप्टेंबर 2020 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या 2003 मधील गाजलेल्या भागाची नवी आवृत्ती या दोन स्टुडिओंकडून येणार असे जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या खेळाडूंना साहजिकच आनंद झाला. मे 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेले आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने तो प्रकल्प बंद केला. ज्या मालिकेच्या पोटातून ‘असॅसिन्स क्रीड’ जन्माला आली तिचीच ही गत झाली, हे लक्षात ठेवून ‘जाहीर झाले’ आणि ‘बाजारात आले’ या दोन नोंदी वहीत वेगळ्या शाईने कराव्यात. बाजारात आलेले काळ्या शाईने, कंपनीने स्वतः जाहीर केलेले निळ्या शाईने आणि आपला अंदाज पेन्सिलीने लिहावा. ऐकीव बातमी वहीत घेऊच नये. आपल्या भागातून अभियांत्रिकी करून पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाला या उद्योगात शिरायचे असेल, तर मुलाखतीत अशी वही दाखवता येणे हा चांगला आधार ठरेल, असेही मला मनापासून वाटते.

एकच काम तीन भागांत करून पाहणे

कागदावरची नोंद पुरी पडत नाही, हाताने खेळून पाहावेच लागते. सगळे भाग पूर्ण करण्याची गरज नाही. एकच काम निवडावे, म्हणजे पहाऱ्यातल्या एका माणसापर्यंत कोणाच्या नजरेस न पडता पोहोचणे, आणि ते वेगवेगळ्या काळातील तीन भागांत करून पाहावे. माझी शिफारस पहिला भाग, ‘ओरिजिन्स’ आणि ‘शॅडोज’ अशी आहे.

पहिल्या भागात सावजापर्यंत जाण्याआधी शहरात चौकशी करावी लागते. बाकावर बसून दोघांचे बोलणे ऐकायचे, एखाद्याच्या खिशातून पत्र काढायचे, कोणाला तरी आडबाजूला गाठून बोलते करायचे, आणि मग पांढऱ्या वेशातल्या विद्वानांच्या घोळक्यात मान खाली घालून पहारेकऱ्यांसमोरून चालत जायचे. लपण्याची जागा म्हणजे माणसांची गर्दी, हा त्या गेमचा मूळ विचार होता.

‘ओरिजिन्स’मध्ये आल्यावर दोन फरक लगेच हाताला जाणवतात. सेनू नावाची गरुडीण आकाशात सोडली की भिंतीआडचे पहारेकरी आधीच दिसतात, म्हणजे चौकशीची जागा आकाशातून केलेल्या टेहळणीने घेतली. दुसरा फरक अधिक खोल आहे : प्रत्येक शत्रूला पातळीचा आकडा आला, आणि तो आपल्यापेक्षा बराच मोठा असेल तर मागून अचूक केलेला वारही जीवघेणा ठरत नाही. पूर्वी जिथे चलाखी पुरत होती तिथे आता आकडा वाढवणे भाग पडले. ‘ओडिसी’ने हीच वाट पुढे नेली, आणि जुन्या खेळाडूंची नाराजी मुख्यतः याच मुद्द्यावर होती. हा बदल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्यामुळेच नवे लाखो खेळाडू मालिकेकडे आले, पण मालिकेच्या नावातच जो मारेकरी आहे त्याचे कौशल्य त्यामुळे दुय्यम झाले हेही खरे आहे.

‘शॅडोज’मध्ये तेच काम नाओएला घेऊन करावे आणि सावकाश करावे. गरुड नाही. नजर आपलीच, जमिनीवरची. अंगणातला दिवा विझवला की तेवढा कोपरा काळोखात जातो आणि पहारेकऱ्याची नजर तिथे पोहोचत नाही. पोटावर सरपटत गवतातून पुढे जाता येते. हाच वाडा हिवाळ्यात पाहिला तर ज्या तळ्यात बुडी मारून लपलो होतो ते गोठलेले असते, आणि छपराला लोंबणारे बर्फाचे सुळे धक्क्याने खाली पडून पहारेकऱ्याला सावध करतात. पातळीचे आकडे आहेत, परंतु ज्याला ते नको असतील त्याने एकच वार निश्चित जीवघेणा ठरेल असा पर्याय गेमच्या सेटिंगमधून निवडायचा. या तीन अनुभवांची टिपणे शेजारी ठेवली की रेषा दिसते. खेळाडूला आधीच सगळे दाखवणारी नजर मालिकेने काढून घेतली, आणि उजेड, आवाज व ऋतू यांना काम दिले. पुढचा मोठा भाग याच रेषेवर येईल असा माझा अंदाज आहे, आणि तो वहीत पेन्सिलीने लिहिलेला आहे.

यासाठी फार खर्च करण्याची आवश्यकता नाही. पहिला भाग जुन्या संगणकावरही चालतो, आणि ‘ओरिजिन्स’ची प्लेस्टेशन 4 वरची डिस्क हातोहात फिरत असते. ‘शॅडोज’ला मात्र सोय पाहूनच हात घालावा. प्लेस्टेशन 4 च्या पिढीवर तो येतच नाही, आणि संगणकावर किमान 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1070 च्या तोडीचे 8 जीबी ग्राफिक्स कार्ड व एसएसडीवर 115 जीबी जागा लागते. एवढे डाउनलोड मोबाइलच्या रोजच्या डेटातून होणे कठीण, तेव्हा ज्याच्याकडे फायबर जोडणी आहे त्याच्याकडे जावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि बंद खोलीतला संगणक दुपारी गरम होऊन संथ चालू लागतो. अशा वेळी घेतलेली ‘गेम अडखळतो’ ही नोंद गेमबद्दल काहीच सांगत नाही. अशी तपासणी पहाटे किंवा रात्री करावी.

कंपनीचे कागद वाचणे

युबिसॉफ्टचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच 31 मार्चला संपते. मार्चअखेर हिशेब जुळवण्याची घाई काय असते हे खान्देशातल्या सोसायटीच्या सचिवापासून कापसाच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला लवकर उमजेल. ‘शॅडोज’ आधी 15 नोव्हेंबर 2024 ला येणार होता, तो 14 फेब्रुवारी 2025 वर गेला आणि शेवटी 20 मार्चला आला, म्हणजे आर्थिक वर्ष संपण्यास अकरा दिवस उरलेले असताना. दोनदा पुढे ढकलूनही तो त्याच वर्षात बसवला गेला. पुढच्या भागाची तारीख जाहीर झाली की ती मार्चअखेरच्या किती जवळ आहे ते पाहावे. जवळ असेल तर आणखी लांबणीवर पडण्याची शक्यता कमी, आणि काही कामे अपुरी राहून नंतरच्या दुरुस्त्यांत येण्याची शक्यता जास्त, असे समजून पहिल्या दिवशी खरेदी टाळावी.

आकडे वाचताना शब्दांकडे बारीक लक्ष द्यावे. ‘शॅडोज’ आला तेव्हा पहिल्या आठवड्यात 30 लाख खेळाडू झाले असे कंपनीने सांगितले. खेळाडू आणि विकलेल्या प्रती या दोन गोष्टी निराळ्या आहेत, कारण मासिक वर्गणी भरून खेळणारेही पहिल्या आकड्यात येतात. या आकड्यावरून लोकांची उत्सुकता कळते, नफा कळत नाही. दोन भागांची तुलना करताना एकाचे खेळाडू आणि दुसऱ्याच्या प्रती शेजारी मांडू नयेत.

मोठा बदल मालकीत झाला आहे. मार्च 2025 मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ या तीन मालिकांसाठी वेगळी उपकंपनी काढण्याचे ठरवले, तिच्यात चीनच्या टेन्सेंटने 1.16 अब्ज युरो घालून सुमारे पाव हिस्सा घ्यावा असा करार झाला, आणि पुढे तिला ‘व्हँटेज स्टुडिओज’ हे नाव मिळाले. दीर्घकाळ या मालिकेची धुरा वाहणारे मार्क-आलेक्सी कोते ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीतून बाहेर पडले. यातून दोन अनुमाने काढता येतात. घर चालवण्याचा भार आता या तीनच नावांवर आहे, त्यामुळे मालिका थांबणार नाही. परंतु ज्याच्यावर घर चालते त्याला फार धाडस करू दिले जात नाही, त्यामुळे जुन्या, खात्रीच्या गोष्टींकडे वळण्याचा मोह वाढेल. ‘मिराज’ला दोन वर्षांनंतर, नोव्हेंबर 2025 मध्ये, अलउला येथे घडणारा विस्तारभाग विनामूल्य मिळाला, आणि ‘शॅडोज’सोबत सगळ्या नव्या भागांना एका दारातून प्रवेश देणारे ‘अ‍ॅनिमस हब’ आले. जुने भाग जिवंत ठेवण्याची ही धडपड पाहता, नव्या भागाइतकेच जुन्याच्या नूतनीकरणावर लक्ष ठेवावे.

खान्देशात हा खेळ उभा राहील का : एक सराव

पद्धत अंगवळणी पडावी म्हणून एक सराव सुचवतो, आणि गटाने मिळून तो केला तर अधिक चांगला होईल. मालिकेचा पुढचा भाग आपल्या प्रदेशात घडवायचा आहे असे धरावे आणि मालिकेच्या आजवरच्या कसोट्यांवर तो टिकतो का ते तपासावे. भारत मालिकेला नवा नाही. जानेवारी 2016 मध्ये क्लायमॅक्स स्टुडिओने केलेला, 1841 च्या अमृतसरमध्ये सुरू होणारा ‘क्रॉनिकल्स : इंडिया’ हा छोटा गेम येऊन गेला, पण तो बाजूने पाहायचा, सरळ रेषेत पुढे सरकणारा गेम होता. मोकळ्या भूमीवरचा मोठा भाग भारताला अजून मिळालेला नाही.

पहिली कसोटी काळाची. मालिका असा क्षण निवडते जिथे सत्ता हातातून हातात जात असते आणि इतिहासाच्या साधनांत एकवाक्यता नसते, कारण कल्पित कथेला शिरायला फट तिथेच मिळते. आपल्याकडे असा क्षण आहे. फारुकी घराण्याने थाळनेर आणि पुढे बऱ्हाणपूर येथून चालवलेले राज्य अकबराने संपवले. 1600 मध्ये असीरगडाला वेढा पडला आणि जानेवारी 1601 मध्ये बहादूरखान फारुकीचा तो किल्ला मुघलांकडे गेला. तो नेमका कसा पडला याची हकीकत दरबारी लेखकांनी एक दिली आहे आणि जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून निघणारी दुसरी आहे : एकीकडे किल्ल्यातल्या रोगराईवर भर, दुसरीकडे लाच आणि विश्वासघातावर. प्रांताला शहजादा दानियालच्या नावावरून ‘दानदेश’ म्हणण्याचा प्रयत्नही त्याच वेळी झाला. मालिकेच्या लेखकांना याहून अधिक काय हवे?

दुसरी कसोटी भूमीची, आणि येथे घाई करू नये. तापीकाठचे थाळनेर आणि तिथल्या फारुकींच्या कबरी, धुळ्याजवळचा लळिंग, सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला जाणारी व्यापारी वाट, उत्तरेला सातपुडा, आणि त्या डोंगरातल्या वाटा जाणणारे भिल्ल. उंच शहर आणि उघडा मुलूख दोन्ही मिळतात. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे भुयारी पाणीमार्ग आणि त्यावरच्या ओळीने खोदलेल्या कुंड्या पाहिल्या की लपतछपत जाण्यासाठीच केल्यासारखे वाटते, पण ती योजना 1615 ची, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळातली आहे. वेढ्याच्या कथेत ती घालता येणार नाही. कथा पंधरा वर्षे पुढे न्यावी की कुंड्या सोडाव्यात, हा निर्णय गटाने चर्चा करून घ्यावा, आणि कारण लिहून ठेवावे. शिवारात आजच्यासारख्या केळीच्या बागा पसरवू नयेत. त्या काळच्या मुलखाला कापूस आणि विणकाम अधिक शोभेल.

तिसरी कसोटी खेळाच्या यंत्रणेची. ‘शॅडोज’चे ऋतू आपल्या भूमीवर काय करतील? हिवाळ्यात पाणी गोठणार नाही, पण उन्हाळ्यात गिरणेचे पात्र कोरडे पडून वाट होईल आणि पावसाळ्यात तीच वाट बंद होईल. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटांनी फडाफडांत वाटले जाते आणि प्रत्येक फडात एका वेळी एकच पीक असते, म्हणजे कोणत्या फडात उभे पीक आहे आणि कोणता रिकामा आहे यावर लपण्याची जागा बदलत राहील. ही यंत्रणा बाहेरून आणलेली नाही, जमिनीतूनच निघालेली आहे, आणि मालिका सध्या ज्या रेषेवर आहे तिच्याशी ती जुळते.

चौथी कसोटी भाषेची. ‘मिराज’ अरबीत ऐकता येतो आणि ‘शॅडोज’मध्ये पात्रांनी जपानी व पोर्तुगीजच बोलावे असा पर्याय आहे. स्थानिक बोली गेममध्ये आणण्याकडे मालिकेचा कल वाढतो आहे, हे मला तिच्या दिशेतले सर्वांत आनंदाचे लक्षण वाटते. बाजारातल्या गर्दीने अहिराणीत भाव करावा, पहारेकऱ्याने फारसीमिश्रित दख्खनीत हाक मारावी, असे दोन-तीन प्रसंग गटातल्या अहिराणी बोलणाऱ्यांकडून लिहवून घ्यावेत. घरातल्या आजी-आजोबांना ते वाचून दाखवावेत म्हणजे चुका लगेच सापडतील. इतिहासाच्या साधनांसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे ग्रंथालय आणि संग्रह उपयोगी आहेत. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी आणि काय पाहायचे आहे ते नेमके लिहून न्यावे.

अंदाज लिहिणे आणि तपासणे

शेवटी एका पानात अंदाज लिहावा. नियम इतकाच की प्रत्येक विधानाच्या खाली वहीतल्या काळ्या शाईच्या नोंदीचा आधार असावा, आणि आधार नसेल तर विधान खोडावे. माझे पान आज असे आहे. ‘मिराज’सारखे आटोपशीर भाग सोडले तर मोठ्या भागांमधले अंतर दोन वर्षांहून कमी होणार नाही, कारण 2018 नंतर ते कधी झालेले नाही. मोठा भाग आणि आटोपशीर भाग आलटून पालटून येतील, कारण ‘व्हॅल्हाला’, ‘मिराज’, ‘शॅडोज’ हा क्रम तसाच आहे. याला तीनच भागांचा आधार असल्यामुळे हे विधान कच्चे मानावे. लपून वावरणे पुन्हा केंद्रस्थानी राहील आणि आकड्यांची पातळी ऐच्छिक होत जाईल. ऐतिहासिक भागांना जोडणारी वर्तमानकाळातली कथा, जी तिचा नायक डेस्मंड याच्या मृत्यूनंतर आणि पुढे तिची नंतरची नायिका लायला हिच्या प्रकरणानंतर क्षीण होत गेली, ती मुख्य गेममधून आणखी बाहेर सरकेल.

पान लिहिल्याची तारीख वर टाकावी आणि गटातल्या दुसऱ्या कोणाकडे ते ठेवायला द्यावे, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही. कंपनीचे वार्षिक निकाल साधारण मे महिन्याच्या मध्यास येतात आणि सहामाही निकाल दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्या दिवसांनी. त्या दोन्ही वेळी पान बाहेर काढावे, निळ्या शाईतले काय काळ्यात गेले आणि काय गळाले ते नोंदवावे, पेन्सिलीतली विधाने एकेक तपासावीत, आणि खरेदीचा निर्णय त्यानंतर घरात मांडावा.